सहा लाख वेळा आराम

१. जिन्याखाली

पृथ्वी क्षणभरही थांबत नाही, म्हणून तिच्यावर नजर ठेवणाऱ्यालाही थांबण्याचा अधिकार नाही, हे माझ्या सासऱ्यांचं जीवनसूत्र. शुक्रवारी सकाळी सव्वासात वाजता पृथ्वी ठणठणीत चालू होती. लॅपटॉप बंद पडला होता.

सासरे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, त्यांनी घराला लागून असलेल्या जिन्याखालच्या खोलीत भूकंपमापक बसवला. जमिनीला घट्ट बसवलेली एक धातूची पेटी, तिच्यातून निघालेली वायर आणि त्या वायरीच्या टोकाला माझा जुना लॅपटॉप. सहा वर्षं चार महिने तो अखंड चालू होता. दर पंधरा सेकंदांनी जमिनीची थरथर डिस्कवर लिहिली जायची. रोज संध्याकाळी सात वाजता सासरे त्या दिवसाचा आलेख कागदावर छापायचे आणि फायलीत लावायचे. कागदावर नुसतं चित्र; खरे आकडे मात्र फक्त डिस्कमध्ये.

एवढ्या काळात त्यांच्या यंत्राने अकरा खरे भूकंप टिपले. बाकीचं सगळं म्हणजे आमच्या इमारतीतली माणसं. जिन्यावरून कोण गेलं हे सासरे आलेखाकडे बघून सांगायचे. पेन्सिलीने बाजूला लिहायचेसुद्धा : 'दुसरा मजला, घाईत.' 'दूधवाला, नवी चप्पल.'

येत्या मंगळवारी वेधशाळेच्या बाई येणार होत्या. शहरातल्या इतक्या जुन्या, सलग नोंदी दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. त्या नोंदी वेधशाळेच्या नकाशात जाणार होत्या आणि नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सासऱ्यांचं नाव येणार होतं. त्या बारीक अक्षरांसाठी त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच नवा चष्मा करून ठेवला होता.

आणि आता लॅपटॉपच्या पडद्यावर लिहून आलं होतं, की डिस्क सापडत नाही. आतून टक्, टक्, टक् असा आवाज येत होता.

"दुसरी प्रत आहे ना?" बायकोने विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रत काढून देतो असं मी कबूल केलं होतं. रविवारी. कोणत्या रविवारी ते ठरलं नव्हतं, एवढंच. असे तीनशेच्या वर रविवार होऊन गेले होते.

"अहो, मी तरी किती वेळा सांगितलं," सासूबाई दारातून म्हणाल्या, "यंत्र झालं म्हणून काय झालं, त्यालाही जरा पाठ टेकू द्यावी. तुम्ही स्वतः बसत नाही आणि त्यालाही बसू देत नाही." एवढं बोलून त्या घरात वळल्या आणि पदराने भिंतीवरच्या प्रमाणपत्राची धूळ पुसायला लागल्या. ज्येष्ठांच्या संगणकवर्गात पहिल्या आल्याचं ते प्रमाणपत्र. त्यावर धूळ बसायला कधीच वेळ मिळत नसे.

सासरे स्टुलावर बसले. सहा वर्षांत ते त्या खोलीत नुसते बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

२. सर्जन

कोपऱ्यावरच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याला सगळे सर्जन म्हणतात, कारण तो कपाळाला दिवा लावून काम करतो आणि आत काय सापडलं ते नातेवाइकांना बाहेर येऊन सांगतो.

"कोणी चोवीस तास चालू ठेवला?" जिन्याखाली येऊन त्याने विचारलं.

सासऱ्यांनी हात वर केला. वर्गात करतात तसा.

"मास्तर, लॅपटॉपची डिस्क म्हणजे दिवसाचे चार-सहा तास चालायची वस्तू. आत तबकडी मिनिटाला पाच हजार चारशे वेळा फिरते. तुम्ही सहा वर्षं तिला गरगर फिरवलंत. हा नैसर्गिक मृत्यू नाही. हा छळ आहे."

"म्हणजे मीच मारली," सासरे म्हणाले.

दुपारी ते जेवले नाहीत. संध्याकाळी सात वाजता सवयीने जिन्याखाली गेले, छापायला काही नाही हे आठवल्यावर परत आले. घरजावई म्हणून माझ्यावर वातावरण हलकं ठेवायची जबाबदारी असते. मी म्हटलं, "आज भूकंप झाला तर कळणारसुद्धा नाही." वातावरण हलकं झालं नाही.

मग मी आत्याला फोन केला.

माझी आत्या चौतीस वर्षं लिफ्ट-निरीक्षक होती. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये आणि बंद पडलेल्या संसारात दोष कुठे आहे हे तिला आवाजावरून कळतं, अशी तिची ख्याती. शनिवारी सकाळी ती एक पिशवी आणि एक टॉर्च घेऊन हजर झाली. पिशवीत कपडे नव्हते. दुसरा टॉर्च होता.

"काय व्याहीबुवा," ती दारातूनच म्हणाली, "खून केलात म्हणे?"

"केला, विहीणबाई," सासरे म्हणाले. "कबुली लिहून देतो."

"घाई करू नका. मी लिफ्टखात्यात होते. तिथे पहिल्यांदा कबुली देणारा माणूस कधीच खरा नसायचा." जिन्याखाली लॅपटॉप तपासत बसलेल्या सर्जनला तिने विचारलं, "काय रे, डिस्क अगदी गेली, की शुद्ध हरपली आहे?"

"फिरते. हाक मारली तर नाव सांगते. पुढचं काही आठवत नाही तिला. आता बंद करून ठेवतो. दोन दिवस आराम देऊन बघू."

"खबरदार!" आत्या ओरडली. "फिरती आहे ना? मग तिला फिरू दे. मला आधी सांग, ही किती वेळ चालली ते नको, किती वेळा चालू-बंद झाली ते सांग."

सर्जनने कपाळावरचा दिवा विझवला. सहा वर्षांच्या दुकानदारीत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

३. पहिला मजला, दुसरा मजला

त्याला शोधायला वेळ लागणार होता. तोवर आत्याने संशयितांकडे मोर्चा वळवला.

पहिल्या मजल्यावर टोमॅटोकाका राहतात. गच्चीवर कुंड्या, खिडकीत कुंड्या. यंदा कडाक्याच्या थंडीतही त्यांची रोपं आठ दिवसांत उगवली, तेव्हा बाकीच्यांच्या कुंड्यांत नुसती माती होती.

"आठ दिवसांत?" आत्याने कौतुकाने विचारलं. "माती कोणती?"

"माती साधीच. ऊब चांगली मिळाली."

"कुठली ऊब?"

कुंडीतलं एक निर्दोष पान काकांनी खुडलं.

"जिन्याखालच्या खोलीत," शेवटी ते म्हणाले. "मास्तर दुपारी वाचनालयात जायचे. मी बियांचा ट्रे लॅपटॉपवर ठेवायचो. आठच दिवस हो, ताई! झाकण मस्त कोमट असायचं. त्याला त्रास होत असेल असं मनातही आलं नाही. उलट मला वाटलं, त्याला सोबत होईल."

दुसऱ्या मजल्यावर नृत्याच्या बाई राहतात. संध्याकाळी पाच ते सात त्यांच्या वर्गात चौदा मुली एकाच वेळी पाय आपटतात. सासऱ्यांच्या फायलींत रोज त्या जागी एक झुडूप उगवलेलं असतं आणि बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं असतं : 'कला.'

"माझ्यामुळे डिस्क गेली म्हणता?" बाई कडाडल्या. "माझ्या मुलींची पावलं फुलासारखी पडतात!"

तेवढ्यात समोरच्या कपाटावरचा तांब्या एक बोट सरकला. आतल्या खोलीत एक फूल सराव करत होतं.

खाली येताना मी आत्याला म्हटलं, "उष्णता आणि धक्के. दोघांनी मिळून मारली."

"तू रविवारची प्रत का काढली नाहीस?" आत्याने विचारलं.

संशयितांची संख्या तीन झाली होती.

घरात शिरताना आत्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रापाशी थांबली. नीट वाचलं. तारखेसकट. "वा, गृहपाठात पैकीच्या पैकी," ती म्हणाली. सासूबाई लाजल्या. त्याच क्षणी सर्जन एका हाताने चालू लॅपटॉप सांभाळत, दुसऱ्या हातात कागद फडकवत आत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काहीतरी भलतंच आहे," तो म्हणाला. "डिस्कने सगळं स्वतःच लिहून ठेवलंय."

४. डिस्कची डायरी

प्रत्येक डिस्क स्वतःची रोजनिशी ठेवते, हे मला त्या दिवशी कळलं. मालकाला ती कधी दाखवत नाही. या बाबतीत ती आमच्या घरातल्या माणसांसारखीच.

सर्जनने वाचायला सुरुवात केली. "एकूण चालली साडेपंचावन्न हजार तास. चालू-बंद झाली फक्त एकोणतीस वेळा."

"वीज गेली किंवा साफसफाई झाली तेव्हा," सासरे म्हणाले. "तारखा सांगू?"

"नको. सर्वांत जास्त ताप, सेहेचाळीस अंश. साठपर्यंत चालतो."

दारात उभ्या टोमॅटोकाकांनी सुटकेचा श्वास सोडला.

"धक्के : शून्य."

"शून्य?" काकांच्या मागे उभ्या नृत्याच्या बाई दुखावल्या. "सहा वर्षांत एकही नाही? मुली इतकी मेहनत घेतात!"

"मग भलतं काय आहे?" आत्याने विचारलं.

"ही शेवटची ओळ. आत तबकडीवर एक बारीक हात तरंगतो. न टेकता. तोच वाचतो, तोच लिहितो. काम नसलं की तो बाजूच्या कट्ट्यावर जाऊन विसावतो, काम आलं की परत तबकडीवर येतो. असं जाणं-येणं किती झालं त्याचा हा आकडा. बनवणाऱ्यांनी सहा लाखांचा हिशेब धरलेला असतो. इथे आहेत सहा लाख चौतीस हजार एकशे बारा."

आत्या उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत चौतीस वर्षांची नोकरी चमकली.

"लिफ्टचं दार!" ती म्हणाली. "अरे, मोटर वर्षानुवर्षं फिरते. एका चालीत चालणाऱ्या वस्तूची झीज होते, नाही असं नाही. पण सावकाश होते. लिफ्ट बंद पडते ती दारामुळे. उघड, मिट, उघड, मिट. कुणीतरी हिच्या आत दार बसवलंय. फिरून फिरून ही दमलेली नाही. हिला सारखं विसाव्याला पाठवलं आणि टेकते ना टेकते तोच परत बोलावलं."

"म्हणजे आरामानं मेली?" टोमॅटोकाकांनी विचारलं.

"आरामाच्या हेलपाट्यांनी," आत्या म्हणाली. "हे कधीपासून चाललंय?"

सर्जनने लॅपटॉप उलटा केला. तळाला त्याचीच चिठ्ठी चिकटवलेली होती. पाच महिन्यांपूर्वी पंखा साफ केला तेव्हाची. त्यावर आकडे होते आणि शेवटी लिहिलं होतं : विसावा, पाचशे बारा.

"सहा वर्षांत पाचशे, आणि पाच महिन्यांत सहा लाख!" मी म्हणालो.

"हात कट्ट्यावर जातो तो दहा सेकंद काम नसलं की," सर्जन पुटपुटला. "वीज वाचवायची सोय असते, ती सुरू केली तरच."

"आणि माझी नोंद पडते पंधरा सेकंदांनी," सासरे म्हणाले. भूगोलाच्या शिक्षकाला गणित येत नाही असा आमच्या घरात समज होता, तो तिथेच मोडला. "मिनिटाला चार हेलपाटे. दिवसाला पाच हजार सातशे साठ. सहा लाख तेहतीस हजार सहाशे भागिले ते." त्यांनी डोळे मिटले. "एकशे दहा दिवस. बरोब्बर."

बायकोने शुक्रवारपासून दिनदर्शिकेची पानं उलटी मोजली. तिचं बोट एका चौकोनावर थांबलं.

"रविवार," ती म्हणाली.

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

५. बारा मिनिटं

मी निरपराध होतो आणि ते सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. सुदैवाने सासऱ्यांकडे होतं. त्यांनी त्या रविवारची फाईल आणली आणि पान उघडलं.

दुपारी दोनपासून पाचपर्यंत आलेखावर एकसारखी, बारीक, मंद लाट होती. बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं : 'जावई.'

"तुमचा पलंग जिन्याच्या भिंतीला लागून आहे," सासरे म्हणाले. "घोरणं उतरतं. मी कधी बोललो नाही."

अशा रीतीने शास्त्राने माझी निर्दोष मुक्तता केली. माझं घोरणं वेधशाळेच्या नकाशात जाणार होतं हेही त्याच वेळी कळलं.

पण आत्याचं बोट पुढे सरकलं होतं. तीन वाजून वीस मिनिटं. माझ्या लाटेवर दुसरे छोटे ठिपके उमटले होते. पावलं. ती खोलीपर्यंत आली होती. मग बारा मिनिटं शांतता. मग ती परत गेली होती. त्या ठिपक्यांशेजारी मात्र पेन्सिलीचं अक्षर नव्हतं.

"ही पावलं कोणाची, व्याहीबुवा?"

सासऱ्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मग लांब धरला. मग नवा चष्मा काढून पुसला.

"ओळखता येत नाहीत," ते म्हणाले.

त्यांनी कागद मिटला आणि फाईल बंद केली. "ते राहू द्या. मीच चालू ठेवला होता, मीच जबाबदार. बाईंना मंगळवारी तसं सांगतो."

आत्याने त्यांना एकदा निरखलं आणि ती सर्जनकडे वळली.

"सर्जन," ती म्हणाली, "ती आराम देण्याची सोय आधी बंद कर. ते दार बंद झालं, की फिरत्या डिस्कवरून जेवढं निघेल तेवढं निघू दे. किती वेळ लागेल?"

"लागू दे कितीही," सर्जन म्हणाला. तो पहिल्यांदाच निदान चुकलेल्या डॉक्टरासारखा नम्र झाला होता. "तुम्ही ओरडला नसतात तर मी बंद करून ठेवली असती, ताई. मग बहुतेक उठलीच नसती."

तो लॅपटॉप तसाच चालू, मांडीवर मूल घ्यावं तसा जपून टेबलावर घेऊन बसला. आत्या आमच्याकडे वळली.

"आता गुन्हेगार," ती म्हणाली.

६. गुन्हेगार

"हा माणूस," आत्याने सासऱ्यांकडे बोट दाखवलं, "दूधवाल्याने चप्पल बदलली तर ओळखतो. जावयाचं घोरणं ओळखतो. आणि या घरातली पावलं ओळखत नाही? याचा अर्थ एकच. ओळखतो, पण सांगत नाही. आता असा कोण आहे, ज्याच्यासाठी भूगोलाचा मास्तर शास्त्राशी खोटं बोलेल? मुलगी असती तर रागावले असते. जावई असता तर कागद चौकटीत घालून भिंतीला लावला असता."

मी मान डोलावली. हे खरं होतं.

"मी केलं," सासूबाई म्हणाल्या.

त्या प्रमाणपत्राखाली उभ्या होत्या. त्यांच्या हातात संगणकवर्गाची वही होती.

"वर्गात गृहपाठ दिला होता. 'घरातल्या संगणकाला काम नसताना विश्रांती मिळेल अशी सोय करा.' माझ्या मनात आलं, आपल्या घरात विश्रांतीची गरज कोणाला जास्त? त्या आठवड्यात ह्यांना जिन्यात चक्कर आली होती. डॉक्टर म्हणाले आराम करा. हे करतात का? यंत्र जागं, म्हणून हे जागे. ह्यांना तर मी बसवू शकत नाही. म्हटलं, निदान त्याला तरी बसवावं. बारा मिनिटं लागली. चष्मा विसरले होते." त्यांचा आवाज बारीक झाला. "मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले हो. आणि तुमची सहा वर्षं गेली."

टोमॅटोकाकांनी नाक ओढलं.

सासरे जागेवरून उठले.

"कागद बघताक्षणी कळलं होतं," ते म्हणाले. "डावा पाय तू जरा अलगद टाकतेस. गुडघा दुखायला लागल्यापासून. रोज संध्याकाळी ती पावलं दारापर्यंत येतात, मला हाक मारतात आणि परत जातात. त्यांच्याशेजारी मी कधी पेन्सिलीने लिहिलं नाही. लिहायची गरज काय? आत आलीस ती त्या एकाच रविवारी. मी वाचनालयात होतो."

"मग काल उपाशी का राहिलात?"

"मी मारली असं वाटत होतं तेव्हा राहिलो. तू मारलीस कळल्यावर भूक लागली आहे."

सोमवारी दुपारी सर्जनचा फोन आला. एकोणीस तास सोडून बाकी सगळ्या नोंदी निघाल्या होत्या. त्या एकोणीस तासांत पृथ्वीने काहीही केलं नव्हतं, हे सासऱ्यांनी कागदावरून तपासलं. नृत्यवर्गाचे दोन तास तेवढे गेले. बाईंना ते कुणी सांगितलं नाही. सर्जनने तीन प्रती काढल्या आणि एक माझ्या हातात देताना म्हणाला, "रविवारची." नव्या लॅपटॉपसाठी त्याने आत काहीच न फिरणारी डिस्क दिली. सासऱ्यांनी तिला कान लावला आणि आवाज येत नाही म्हणून दोनदा परत केली.

मंगळवारी वेधशाळेच्या बाई आल्या, नोंदी बघितल्या आणि बसल्या जागी कागदावर सासऱ्यांचं नाव लिहून घेतलं. त्या गेल्यावर सगळे आमच्या बैठकीत जमले. आत्याने निघण्यापूर्वी निकाल सांगितला.

"काम माणसाला मारत नाही, यंत्रालाही चटकन मारत नाही," ती म्हणाली. "बस म्हणायचं आणि टेकताच उठवायचं, त्यानं दोघंही जातात. तेव्हा विहीणबाई, ह्यांना बसवायचं असेल तर एकदाच बसवा. आणि बसले की बसू द्या."

हे इतकं पटण्यासारखं होतं की क्षणभर कुणी हललं नाही. नृत्याच्या बाईंनीही पाय जमिनीवर अलगद ठेवला.

"कळलं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आजपासून ह्यांना मी हाक मारणार नाही."

सासरे आरामखुर्चीत बसले. सहा वर्षं चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी पाठ पूर्ण टेकली, पाय पसरले, चष्मा काढून पोटावर ठेवला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो.

मी मनात मोजत होतो. नऊ सेकंद झाले.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "झोपलात का? नाही ना? मग तेवढा वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढून द्या."